मॅजिक किंगडम, आई-बाबा आणि फुकटचं वायफाय

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतल्या मराठी घरांची यादी ठरलेली असते: नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि घरात नातवंड असेल तर ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड. आम्ही अटलांटाहून गाडीने गेलो. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, दक्षिण जॉर्जिया संपता संपत नाही एवढंच. राइड्सबद्दलही फार लिहीत नाही, यूट्यूबवर ढिगाने आहे. पण मिरजेचं सिमकार्ड घातलेला फोन घेऊन सत्तरीतल्या माणसाने डिस्ने वर्ल्डमध्ये दिवस कसा काढायचा, हे मला निघण्यापूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे.

मॅजिक किंगडम हे डिस्ने वर्ल्डमधलं किल्ल्याचं पार्क. तिथे आज फोनशिवाय पान हलत नाही. तिकीट फोनवर, कुठल्या राइडला किती मिनिटांची रांग आहे ते फोनवर, जेवणाची ऑर्डर फोनवर, फोटोग्राफरने काढलेले फोटोही फोनवर. पूर्वी, म्हणजे 1999 पासून, रांग टाळण्यासाठी कागदी फास्टपास असायचा. राइडच्या दाराशी यंत्रात तिकीट सरकवायचं, वेळ छापलेली चिठ्ठी बाहेर यायची, त्या वेळेला परत यायचं. पैसे नाहीत, ॲप नाही. मग 2012 साली पार्कात फुकट वायफाय आलं आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत फास्टपास फोनवर गेला. ऑक्टोबर 2021 पासून रांग टाळायचे पैसे पडायला लागले. जुलै 2024 पासून त्या प्रकाराचं नाव 'लायटनिंग लेन मल्टी पास'. हा क्रम बघितला की वायफाय ही पाहुण्यांवर केलेली मेहेरबानी वाटत नाही. दुकान फोनमध्ये हलवायचं होतं, म्हणून आधी रस्ता बांधला.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते पार्कात नेट नसावंच. माणसं एवढे डॉलर मोजून येतात आणि रांगेत माना खाली घालून उभी राहतात. त्यात तथ्य नाही असं नाही. पण रांगेत खेळायचे खेळ असलेलं ॲप डिस्नेनेच 2018 मध्ये काढलंय, तेव्हा माना खाली घालायला नुसतं वायफाय कारण नाही. आणि सगळा व्यवहार ॲपवर नेल्यावर नेटचे पैसे पाहुण्याने भरावेत, हे मला तरी पटत नाही. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकाला जाताना हा प्रश्न डोक्यात येत नाही, कारण रोजचा दीड-दोन जीबी डेटा खिशातच असतो. ऑर्लँडोत नातवाच्या फोनला अमेरिकन प्लॅन असतो, आजोबांच्या फोनला नसतो. फुकट वायफायची खरी गरज त्यांना.

आमचंच बघा. बाबांनी निघण्यापूर्वी मिरजेत रोमिंगचा पॅक टाकून घेतला होता. फ्लोरिडात त्याच्यावर नेटच चालेना, आणि त्या मोबाइल कंपनीचा मदत क्रमांक 'कृपया प्रतीक्षा करा' यापुढे सरकेना. पार्कात मात्र वायफायच्या यादीत 'डिस्ने-गेस्ट' दिसतं. पासवर्ड नाही, जोडून घ्यायचं की झालं. बाबांचा व्हॉट्सॲप सुरू झाला आणि मिरजेच्या कट्टा ग्रुपवर सिंड्रेलाचा किल्ला पोचला.

दुपारी आम्ही तिघं स्पेस माउंटनला गेलो. अंधारातला रोलर कोस्टर आहे, 44 इंचांहून कमी उंचीच्या मुलांना घेत नाहीत, आणि आईच्या मणक्याला तो चाललाच नसता. आई-बाबांना पिनोकिओ व्हिलेज हाउसमध्ये बसवलं होतं. एसी आहे आणि खिडकीतून शेजारच्या राइडच्या होड्या जाताना दिसतात. चीज पिझ्झाची ऑर्डर मी सकाळीच बाबांच्या फोनवरून, माझं कार्ड घालून, दुपारच्या वेळेसाठी देऊन ठेवली होती. तिथे पोचल्यावर 'मी आलोय' अशा अर्थाचं बटण दाबायचं, मगच ते करायला घेतात. बाबांनी चष्मा कपाळावर सारला, फोन नाकापाशी आणला, बटण दाबलं आणि नंबर येईपर्यंत काउंटरकडे अशी नजर लावून बसले, जणू बँकेत टोकन घेतलंय. आम्ही बाहेर आलो तेव्हा व्हॉट्सॲपवर आईचा निरोप होता, 'पिझ्झा बरा आहे, तिखट नाही. सावकाश या.' हा निरोप पोचला म्हणून आम्ही खरंच सावकाश गेलो. नेट नसतं तर दोघं दिवसभर आमच्या मागे फरफटत आले असते, नाहीतर आम्ही एकही मोठी राइड केली नसती.

आता जाणाऱ्यांसाठी. डिस्ने वर्ल्डचं ॲप घरीच उतरवा, खातं उघडा, सगळ्यांची तिकिटं जोडून घ्या. भारतीय कार्डाने पैसे भरणार असाल तर तेही घरीच. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो आणि भारतीय सिमला रेंज नसेल तर वायफाय कितीही दणकट असलं तरी तो येत नाही. शिवाय उघड्या वायफायवर बँकेचं काही करूच नये. लायटनिंग लेन घ्यायची असेल तर डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना 7 दिवस आधी आणि बाकीच्यांना 3 दिवस आधी, सकाळी 7 वाजता खिडकी उघडते. तो गजर लावा. फोन खिशात असताना दूरच्या वायफायला चिकटून राहतो आणि काहीच उघडत नाही; वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की बहुतेक वेळा सुधारतं. पॉवर बँक हवीच. आणि आई-बाबांचं तिकीट प्लास्टिकच्या कार्डावर मागून घ्या, फोन संपला तरी ते चालतं.

बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेची बरणी आणि दारू तेवढी चालत नाही. आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या तपासणीतून सुखरूप गेल्या. पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. उन्हाळ्यात दुपारी हटकून गडगडाट होतो आणि विजा असल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. तेव्हा आतल्या राइड्स दुपारसाठी राखून ठेवा.

रात्रीच्या आतषबाजीला किल्ल्यासमोरच्या मेन स्ट्रीटवर मुंगी शिरायला जागा नसते आणि जो तो व्हिडिओ पाठवत असतो. एवढ्या गर्दीत कुठलंच नेट धड चालत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी तोंडी ठरवा, तेही बाहेरच्या फाटकाजवळचं ठिकाण. पार्किंग तळ्यापलीकडे आहे. परतताना मोनोरेलची रांग लांब दिसली तर फेरीबोटीकडे वळा. आई-बाबांना तीच जास्त आवडते. पलीकडे उतरल्यावर गाडी शोधायची असते. तिथल्या पार्किंगच्या भागांना डिस्नेतल्या नायक-खलनायकांची नावं आहेत. सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या पाटीचा आणि ओळीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा. आमची गाडी जाफरमध्ये होती आणि बाबा वाटेत भेटेल त्या कर्मचाऱ्याला 'जाफरभाई?' असं विचारत होते. सगळ्यांनी बरोबर दिशा दाखवली.