पाण्याचा माग धरून छत्रपती संभाजीनगर : दोन दिवसांची फेरी

बाहेरगावची मंडळी सकाळी वेरूळ, भर दुपारी देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला आणि अंधार पडता पडता बीबी का मकबरा, असा एका दिवसाचा बेत आखतात. हा क्रम नेमका उलटा आहे. वेरूळच्या डोंगराची लेणी कोरलेली बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी कैलास लेणं सावलीत असतं आणि बारीक काम दिसतच नाही. देवगिरीचा कातळ मात्र अकरानंतर तव्यासारखा तापतो. या थंडीतल्या फेरीत क्रम बदलला, दोन दिवस दिले आणि पाण्याचा माग धरला. या कोरड्या मुलखात प्रत्येक राजवटीने आधी पाण्याची सोय केली आणि मग वास्तू उभारल्या. ते एकदा ध्यानात आलं की वास्तू एकमेकींशी बोलू लागतात.

पहिला दिवस शहराचा. सकाळी लवकर औरंगाबाद लेणी गाठा. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, मकबऱ्यापासून साधारण दोन किलोमीटरवर ती आहेत. परतीला तिथे रिक्षा मिळत नाही, म्हणून नेणाऱ्या रिक्षालाच थांबण्याचं भाडं आधी ठरवून घ्या. वर खायला-प्यायला काही नाही, पाणी सोबत हवं. लेण्यांचे दोन गट आहेत आणि दोहोंत किलोमीटरभर अंतर आहे. पहिला गट पाहून लोक परत फिरतात आणि सातवं लेणं राहून जातं. तसं करू नका. सातव्यात अष्टमहाभयांपासून तारणारा अवलोकितेश्वर आहे. बुडणारं जहाज, हत्ती, साप, आग यांत सापडलेली माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना लहान चौकटींत कोरली आहेत. आत नर्तकीचं शिल्प आहे, भोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया. गाभाऱ्यात उजेड कमी, त्यामुळे टॉर्च लागेलच. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकलेले, हात जोडलेले उपासक आहेत, जवळजवळ माणसाच्या उंचीचे. त्यांच्या केसांच्या रचना एकेक करून पाहा.

खाली उतरल्यावर पाणचक्की. तिकीट काढून हौद पाहून दहा मिनिटांत बाहेर पडणारे पुष्कळ, पण इथे तासभर तरी द्यावा. शहर 1610 मध्ये खडकी या नावाने निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने वसवलं आणि त्याच्या पोटात नहर-ए-अंबरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी वाहिनी, खेळवली. पुढच्या काळात तशाच आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की 1744 ची. डोंगराकडचं पाणी भाजक्या मातीच्या बंद नळांतून जमिनीखालून इथवर येतं. वाटेत चुन्या-विटांचे उंच खांब आहेत, त्यांना बंबे म्हणतात. उगम उंचावर असल्याने पाणी बंद नळातून खांबाच्या माथ्यापर्यंत आपोआप चढतं, तिथे अडकलेली हवा सुटते, दाब हलका होतो आणि पाणी दुसऱ्या अंगाने पुढच्या नळात उतरतं. हे बंबे नसते तर मातीचे नळ दाबाने फुटले असते. चक्कीजवळ पाणी उंच भिंतीच्या माथ्यावर चढून हौदात कोसळतं, आणि त्यातलाच एक प्रवाह खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर सोडलेला आहे. चाकाचा उभा दांडा वरच्या खोलीत जात्याच्या वरच्या दगडाला फिरवतो. यात्रेकरूंचं आणि फकिरांचं पीठ इथे दळलं जायचं.

हौदाखाली एक दालन आहे. अख्खा हौद त्याच्या छतावर बसलेला असल्यामुळे आत उन्हाळ्यातही गारवा राहतो. चाक फिरताना पाहायचं असेल तर पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत या. एप्रिल-मेमध्ये धार बारीक होते. नहरींवर बांधकामं झाली, खोदकामात नळ फुटले, तशी धार आटत गेली. चारशे वर्षांपूर्वी सुरू झालेली नहरींची ही यंत्रणा आपल्या डोळ्यांदेखत तुटते आहे, याचं फार वाईट वाटतं.

पाणचक्कीला लागूनच महमूद दरवाजा आहे. या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, पण सगळे शोधत बसायची गरज नाही. भडकल दरवाजा चुकवू नका. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने तो 1612 मध्ये उभारला, म्हणजे औरंगजेबाने तटबंदी घातली त्याच्या कितीतरी आधी. मग खाम नदीकडचा मकाई आणि उत्तरेचा दिल्ली दरवाजा. वाहतूक दरवाजांना खेटून चालते, त्यामुळे फोटो रस्त्याच्या मधून काढण्याच्या भानगडीत पडू नका. रविवारी सकाळी सातच्या आत गेलात तर दरवाजे मोकळे मिळतात.

जेवणात इथला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, घ्या. शाकाहाऱ्यांना थाळी कुठेही मिळते. खरेदीत हिमरू हे इथलं नक्षीदार विणीचं कापड घेणार असाल तर कापड उलटं करून पाहा. हातमागाच्या हिमरूत मागच्या बाजूला नक्षीचे जादा धागे सुटे तरंगताना दिसतात. पाठ पुढच्या बाजूइतकीच सफाईदार असेल तर तो हिमरू नव्हे. रिक्षावाला आग्रहाने ज्या दुकानात नेतो तिथे भावात त्याचं कमिशन धरलेलं असतं. दरवाजांच्या फेरीनंतर स्वतःच जा.

चारच्या सुमारास बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून हिणवायची पद्धत पडली आहे, ती मनातून काढून टाका आणि भिंतीजवळ जा. खालचा कंबरेएवढा भाग आणि वरचा घुमट संगमरवराचा आहे. मधला सगळा भाग काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा घालून घोटलेला, आणि त्या गिलाव्यातली वेलबुट्टी संगमरवरापेक्षा कमी देखणी नाही. जिथे पापुद्रे निघालेत तिथे आतला दगड दिसतो, त्यावरून थरांची जाडी कळते. हात लावू नका, घामाने गिलावा काळवंडतो. मुख्य दरवाजावरच्या पितळी पत्र्यावर वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं कोरली आहेत. मान वर करून शोधावी लागतात. कबर खालच्या पातळीवर आहे. वरच्या अष्टकोनी सज्जातून जाळीआडून ती पाहायची असते. लोक नाणी फेकतात, ते टाळा. पश्चिमेची मशीद निजामाच्या काळात वाढवलेली, म्हणून एक बाजू जड वाटते.

दुसरा दिवस देवगिरी आणि वेरूळ. मंगळवार टाळा, वेरूळची लेणी त्या दिवशी बंद असतात. (अजिंठा सोमवारी बंद असतो, त्यामुळे दोन्ही करणाऱ्यांनी वार जुळवून घ्यावेत.) मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळकडे जाणारी एसटी दौलताबादवरूनच जाते. सकाळी किल्ला उघडतानाच पोहोचा, माथ्यापर्यंत जाऊन परत यायला तीन तास धरा. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास, आणि शेवटचा टप्पा सगळ्यात चढा. माणशी दीड लिटर पाणी लागतं. हातात पिशवी किंवा बिस्किटाचा पुडा ठेवू नका. इथली माकडं पाठीवरच्या बॅगेची चेनसुद्धा उघडतात.

महाकोटाचे, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य तटाचे, दरवाजे लागोपाठ काटकोनात वळतात, त्यामुळे हत्तीला धाव घ्यायला जागाच उरत नाही. उरलंसुरलं काम फळ्यांवरचे लोखंडी सुळे करत. आतला हत्ती हौद पाहून लोकांना वाटतं तो हत्तींच्या आंघोळीसाठी होता. तो किल्ल्याच्या पाण्याचा साठा होता, नाव आकारावरून पडलं. पुढे भारतमाता मंदिराचे खांब. 1318 मध्ये यादव संपले तेव्हा देवळांचे खांब वापरून इथे मशीद झाली, हे खांब ते सांगतात. चांदमिनार, मग चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथेच कैदेत राहिला. निळ्या फरशांचे तुकडे भिंतीवर अजून आहेत. मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं मस्तक ओतलं आहे.

खंदक ओलांडला की अंधारी. कातळात खोदलेला वळणावळणाचा बोगदा, पायऱ्या उंचसखल, वटवाघळांची लीद आणि तिचा उग्र वास. मोबाइल एका हातात धरून चढणारे इथेच घसरतात. डोक्याला बांधायची टॉर्च आणा, दोन्ही हात मोकळे ठेवा, नाकाला रुमाल बांधा. दमा असेल किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर बाहेरून जाणाऱ्या पायऱ्या आहेत, त्यांनी जा. अंधारीनंतर गणपतीचं देऊळ, मग बारादरी हा महाल. तिथून कातळ उभा तासून कडा कसा केला ते दिसतं. माथ्यावर जनार्दनस्वामींच्या पादुका आहेत. ते या किल्ल्यावरचे अधिकारी, आणि पैठणचे एकनाथ लहानपणी त्यांच्याकडे शिकायला आले ते इथेच. उतरल्यावर हंगाम असेल तर दौलताबादी सीताफळं घ्या, पण आधी हाताने दाबून पाहा.

वाटेवर खुलताबाद. तिथे भद्रा मारुतीचं दर्शन होतं. मूर्ती निजलेली आहे. शनिवारी आणि हनुमान जयंतीला पायी येणाऱ्यांची रीघ लागते, त्या दिवशी वाहन लांब लावावं लागतं. औरंगजेबाची साधी, उघडी कबरही इथलीच. हल्ली बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा. मलिक अंबरचा मकबराही याच गावाबाहेर आहे. कालची नहर ज्याने खेळवली त्याच्यापाशी पाच मिनिटं थांबा.

वेरूळला दीडपर्यंत पोहोचा. चौतीस लेणी आहेत: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी करू नका. आधी 10, तिथे दगडात लाकडी फासळ्यांचं छत कोरलं आहे. मग तीन मजली 12. तिथून 32, दीड-एक किलोमीटर. शेवटी, चारच्या उन्हात, 16. कैलास राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातला, आठव्या शतकातला. माथ्याकडून पायाकडे खोदत आणलेला, म्हणून शेजारून डोंगर चढून आधी वरून पाहा. मंडपाच्या छतावरचे चार सिंह तिथूनच दिसतात. आत आल्यावर दक्षिणेकडे कैलास हलवणारा रावण आहे. त्याची पाठ पाहा, वजन तिथे दिसतं. मंडपाच्या छताला जुन्या रंगाचे पापुद्रे अजून टिकून आहेत, त्यावर फ्लॅश मारू नका.

लेण्यांजवळच घृष्णेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगावरचं वरचं वस्त्र काढावं लागतं. सोमवारी आणि श्रावणात रांग लांब असते. देवळापासून जवळच शिवालय तीर्थ आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेलं पायऱ्यांचं चौकोनी कुंड; पायऱ्यांच्या टप्प्यावर लहान लहान देवळ्या. गर्दी देवळातच राहते, इकडे फारसं कुणी वळत नाही. रविवारी संध्याकाळी दौलताबाद घाटातल्या जुन्या दिल्ली दरवाजात वाहनं अडकतात, एका वेळी एकच गाडी जाते. तो तास गाडीत काढण्यापेक्षा या कुंडाच्या पायरीवर काढा.