दहा नंबरच्या सुया

दुपारी अडीचला लाईन गेली. कूलरचा पंखा दोन-चार उसासे टाकून थांबला आणि घर इतकं गप्प झालं की माझ्याच हातातल्या सुया मला ऐकू आल्या. एरवी त्या टिकटिक करतात. या दिवसांत कुईंकुईं करतात. घामेजलेला धागा सुईवरून सरकत नाही, घासत जातो. तळहातांना पावडर लावून पाहिली, तर मांडीवरच्या पिवळ्या स्वेटरला नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास यायला लागला. बाळ अजून यायचंय.

मे महिना, नागपूर, नवतप्याला चार दिवस बाकी. बाहेर 45. अशात मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या बाईकडे लोक कसे बघतात ते मला आता पाठ झालंय. सकाळी समोरच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "बाप्पा! सोटर विणून राहिल्या का तुम्ही? बघूनच मले घाम फुटला!"

भाची मेलबर्नला असते. तिची तारीख जुलैची, आणि तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. मी थंडीसाठीच विणतेय, फक्त ती थंडी पृथ्वीच्या खालच्या अंगाला आहे. भाचीला हे सांगितलं तर फोनवर म्हणाली, "मावशी, इथे मिळतं गं सगळं." मिळतच असणार. मेरिनो मेंढ्यांचा देश तो! तिथे मी लुधियानाची अ‍ॅक्रिलिक लोकर पाठवणार, म्हणजे कोकणात नारळ नेऊन देण्यातली गत. त्यातही हा नारळ प्लॅस्टिकचा.

खऱ्या लोकरीची एक गंमत आहे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊन घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. अ‍ॅक्रिलिक घामाचा थेंबसुद्धा पोटात घेत नाही, सगळा सुईवर ठेवतं. म्हणून ते कुईंकुईं. धनगर भर उन्हातही खांद्यावरची घोंगडी टाकत नाही, त्याला हे कुणी शिकवायला गेलं नव्हतं. आणि आमच्या कूलरच्या ताट्यांमध्ये जे भरतात, त्याचं बाजारातलं नाव वूडवूल. लाकडाची लोकर! दर एप्रिलमध्ये अख्खं नागपूर खिडकीत लोकर बसवून गार वारा खातं आणि मला विचारतं, उन्हाळ्यात लोकर कशाला?

उन्हाळ्यातच लोकर, हा आमच्या आत्याचा सिद्धांत. त्याची मुळं 1962 सालात. चीनशी युद्ध सुरू झालं आणि गावोगावच्या बायका-मुली जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. आत्या तेव्हा शाळेत होती. तिनंही हिरवट लोकरीचा मफलर घेतला. युद्ध 20 ऑक्टोबरला पेटलं आणि 21 नोव्हेंबरला थांबलं. आत्याचा मफलर पुढच्या वैशाखात पूर्ण झाला. तो आमच्या आजोबांनी वापरला. त्यांना कोणी विचारलं की म्हणायचे, "सीमेवर जायचा होता, गाडी चुकली." आत्यानं मात्र त्यातून धडा घेतला. थंडी पडल्यावर सुया हातात घेणारा माणूस होळीला स्वेटर घालतो. नागपूरची थंडी ती केवढी! संक्रांतीचा तिळगूळ संपेतो तीही संपते. तेव्हा दिवाळीनंतर घालायचा स्वेटर असेल तर टाके मे महिन्यातच सुईवर हवेत.

सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे. दुपारी बाहेर जायची बंदी, गेलंच तर खिशात कांदा. मधल्या खोलीत खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर तासातासाला पाणी मारायची पाळी आमची. त्या ओल्या, हिरव्या अंधारात आत्या भिंतीला टेकून बसलेली. लोकरीचा गुंडा पितळी डब्यात, झाकण अर्धवट लावलेलं. गुंडा आत गडगडला की डबा खुळखुळायचा आणि त्या आवाजावर आमचा डोळा लागायचा. मध्येच ती कोणाला तरी उठवून, पाठमोरं उभं करून अंगाला माप लावायची. झोपेत असलेल्या पोराचं माप खरं येतं, म्हणायची. जागं पोर पोट आत ओढतं.

बाजारच्या पुस्तकातून वीण उचलणं तिला कमीपणाचं वाटे. तिच्या विणी लोकांच्या पाठीवर असायच्या. बसमध्ये पुढच्या सीटवर बाई बसली की आत्याचे ओठ हलू लागत. दोन सुलट, दोन उलट, एक दोरा पुढे. बाईचा स्टॉप आला की आत्या हळहळे, "मुंढा राहिला बघायचा." एकदा ती मुंढ्यापायी दोन स्टॉप पुढे गेली. मला ही खोड जशीच्या तशी लागली आहे. आता मात्र हातानं विणलेली पाठ दिसतच नाही फारशी. सगळे टाके एकसारखे, मशीनचे. डोळ्यांना कुठे अडखळायलाच होत नाही.

उन्हाळ्याचे तिचे काही नियम होते. पांढरी लोकर हातात धरायची नाही, आठ दिवसांत ती पोत्याची दिसू लागते. आंबा खाल्ला त्या तासात सुयांना शिवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, आधी बाह्या. पाठ विणायला घेतली की ती मांजरासारखी मांडीवर पसरते आणि भाजून काढते. बाही अरुंद, बिचारी हातातल्या हातात राहते. पाठ घ्यायची ती मृगाचा पाऊस पडल्यावर.

भाचीच्या बाळाच्या बाह्या म्हणजे माझी दोन बोटं. त्या चार दिवसांत झाल्या. दहा नंबरच्या सुयांवर, कारण बाळाची वीण याहून जाड नको. सुया नव्या आहेत. घरात दहा नंबरच्या सुया नव्हत्या असं नाही.

आत्या गेली त्याला सहा वर्षं झाली. एप्रिलात गेली. तिच्या कापडी पिशवीत करड्या लोकरीची एक बाही निघाली, मनगटापासून कोपराच्या वर आलेली. पाठ नाही, पुढचे भाग नाहीत, कागदावर कुठे माप नाही. बाही मोठ्या माणसाची. माझ्या दोन्ही आतेभावांनी ती आळीपाळीनं आपल्या हाताला लावून पाहिली. दोघांनाही जवळपास आली. मग कुणी काही बोललं नाही, आणि पिशवी माझ्याकडे आली, कारण विणणारी मी.

मी ती पूर्ण करू शकले असते. पण हात बदलला की वीण बदलते. तिची घट्ट, माझी सैल. कोपराशी स्वेटरचा माणूस बदलला हे आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं.

या महिन्यात दहा नंबरच्या सुया लागल्या तेव्हा पिशवी काढली. सुईवर 58 टाके आहेत. सुई काढायची तर ते दोऱ्यात ओवून ठेवता येतात, पाच मिनिटांचं काम. मी दाभणात दोरा ओवून दोनदा बसलेही. मग उठले, पर्समध्ये कांदा टाकला, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि दुपारी बाराला सीताबर्डी गाठली.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोकरीचं सामान दिवाळीनंतर या नं." पण माझं तोंड बघून माळ्यावर चढला. बराच वेळ खोके सरकवल्याचे आवाज येत राहिले. खाली उतरला तेव्हा केसांत जळमट आणि हातात धुळीनं माखलेलं पाकीट.

"दहा नंबरची एकच जोडी आहे," तो म्हणाला.

"एकच हवी," मी म्हटलं.