धादिंगमधला शनिवार

नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून तिथली ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमते तीही शनिवारीच. हे आमच्या चर्चच्या क्वायरमधल्या (गायनवृंदातल्या) सगळ्यांना निघण्याआधी सांगितलेलं होतं. तरीही रविवारी सकाळी काठमांडूच्या लॉजमध्ये साड्या नेसून तयार बसलेल्या दोन काकू खिडकीतून शाळेत निघालेली पोरं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही पुण्याहून थेट अधर्मात येऊन पडलोय असं वाटत होतं. शेवटी गच्चीवर आमची आम्हीच छोटी उपासना घेतली. वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढत एक परदेशी पाहुणा दोनदा येऊन बघून गेला.

पण ते नंतरचं. आधी जायचं कसं, तर गोरखपूरपर्यंत रेल्वेनं, मग सुनौलीची सीमा सामानासकट पायी ओलांडून पलीकडे बस. विमानाचा विषय सभेत निघाला होता, खजिनदारांनी तो तिथेच मिटवला. बुटवल ते नारायणघाट या रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझी कंबर त्या विषयावर बोलायच्या मनःस्थितीत नाही.

सामानाबद्दल मात्र लिहायलाच हवं. आमच्याबरोबर दोन मोठ्या पिशव्या भरून हिंदी पत्रिका होत्या. सुवार्तेच्या, रंगीत, चकचकीत कागदावरच्या. त्या कुणीतरी हौसेनं छापून दिल्या होत्या, त्यामुळे नाही कसं म्हणणार. आणि त्यांना जागा करायची म्हणून ढोलकी घरी राहिली. क्वायरची ढोलकी! क्वायरचे मास्तर म्हणाले, टाळ आहेत, चालवून घेऊ. शिवाय सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, पाठीवर हातभर मोठ्या अक्षरांत ‘मिशन नेपाळ’.

आम्हाला जायचं होतं धादिंगला, काठमांडूच्या पश्चिमेच्या जिल्ह्यात. तिथले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आम्हाला मलेखूला भेटले. मलेखू हे काठमांडूच्या हायवेवरचं त्रिशुली नदीकाठचं गाव, तळलेल्या माशांसाठी प्रसिद्ध. टपरीच्या पुढ्यात माशांच्या चळती रचलेल्या असतात, बोटाएवढ्या माशांपासून हातभर माशांपर्यंत, सगळे कडक तळून लाल झालेले. आम्ही खायला बसलो. पाळक चाळिशीतले, किरकोळ अंगाचे, हिंदी उत्तम. दोन्ही हात जोडून प्रत्येकाला ‘जयमसीह’ म्हणाले, चहा सांगितला आणि मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, “दिदी, गावात शिरायच्या आधी सगळे वरून स्वेटर घालाल का?”

मला वाटलं, वर थंडी असेल.

थंडी नव्हतीच. २०१५ च्या नेपाळच्या राज्यघटनेत दुसऱ्याचा धर्म बदलायला लावण्यावर बंदी आहे आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. हे सगळं त्यांनी मासा सोलता सोलता सांगितलं, काटे वेगळे करून कागदावर एका बाजूला लावत. मग म्हणाले, “तुम्हाला सात दिवसांत घरी पाठवतील. आमचं घर इथेच आहे.”

पिशव्यांमध्ये काय आहे हे कळल्यावर ते हसले. त्या बसमधून खाली उतरवू नका, एवढंच म्हणाले.

आमच्या मंडळींपैकी काहींना हे अपमानास्पद वाटलं. इतक्या लांबून आलो, एवढा खर्च केला, आणि बोलायचंही नाही? मला त्यांचा राग आला. आपल्याकडे कितीतरी राज्यांत असेच कायदे आहेत, कुठल्या प्रार्थनासभेबाहेर कोण येऊन उभं राहतं हे आपल्याला काय ठाऊक नाही? पण परदेशी गेलं की आपण एकदम साहेब होतो. तिथल्या ख्रिस्ती लोकांना आपण काही नवीन सांगणार आहोत, ही समजूत पासपोर्टवर शिक्का बसण्याआधीच पक्की झालेली असते. १९५४ पासून नेपाळमध्ये असलेल्या युनायटेड मिशन या ख्रिस्ती संस्थेनं दवाखाने चालवले, शाळा चालवल्या, वीज आणली, ती प्रचार न करण्याची अट मान्य करून. मंडळ्या वाढवल्या त्या नेपाळी माणसांनीच. २०२१ च्या जनगणनेत तिथे ख्रिस्ती लोक १.७६ टक्के भरले. त्यात आमचा वाटा शून्य, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नव्हतं.

तर शनिवार. धादिंगबेसीच्या वर जीपनं चढून गेलो. पत्र्याचं छप्पर, बांबूच्या चटयांच्या भिंती, खाली सतरंज्या. चपला बाहेर, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, सगळे जमिनीवर. आमच्या अल्टोमधल्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या, निम्म्या गुडघ्यांनी तिथेच मान टाकली. मास्तरांनी चार आवाजांच्या चार रांगा ठरवल्या होत्या, काळे फोल्डर एकसारखे धरायचे होते. रांगा करायला जागाच नव्हती. उंच आवाजाच्या सोप्रानो खिडकीत, खर्जातले बास दाराबाहेर, अशी आमची वाटणी झाली. प्रार्थना सुरू झाली तेव्हा सगळी मंडळी एकदम, मोठ्यानं, आपापली प्रार्थना करायला लागली. आमच्याकडे एकजण प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. तो आवाज पत्र्यावर आदळून असा खाली यायचा की माझ्या शेजारच्या मुलीनं माझा हात धरून ठेवला.

आमचं चार आवाजांचं इंग्रजी गाणं झालं. बरं झालं. लोकांनी शांतपणे ऐकलं, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या.

मग मराठी भजन. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणावर रचना केल्या म्हणून आमच्या चर्चमध्ये अजून टाळ वाजतात, नाहीतर आम्हीही सगळं परदेशी चालींवर गात बसलो असतो. पण टाळ होते आणि ढोलकी नव्हती. पहिलं कडवं अगदी उघडंबोडकं गेलं. कोपऱ्यात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मांडीवर मादल, म्हणजे नेपाळी ढोलकी, आडवा घेऊन बसला होता. पहिल्या कडव्यात तो नुसताच गुडघा हलवत होता. दुसऱ्यांदा ध्रुपदावर आलो तेव्हा त्यानं एक घुमारा काढून बघितला, थांबला, आणि पुढच्या ओळीला आत शिरला. ठेका आमचा नव्हता. त्याचा होता, जरा उचलून धरलेला, समेच्या आधी किंचित ओढणारा. मास्तरांनी आधी डोळे वटारले. मग त्यांचा हात खाली आला, मग फोल्डर मिटलं. आम्ही ते ध्रुपद सोडेचना. तोही सोडेना. मागच्या बायका टाळ्या धरायला लागल्या. आमचे बासवाले काका, ज्यांना मी वीस वर्षांत एकदाही डोलताना बघितलेलं नाही, दाराच्या चौकटीला धरून डोलत होते.

त्यानंतर तिथल्या लोकांनी डंफू, म्हणजे डफासारखं तामाङ समाजाचं वाद्य, काढला आणि तामाङ भाषेत एक गाणं सुरू केलं. अर्धी मंडळी उठून नाचायला लागली. संदेशाचं हिंदी भाषांतर करायला आमच्यासाठी एक मुलगी नेमली होती, तिनं पहिल्या दहा मिनिटांनी नाद सोडला आणि कुणी तक्रार केली नाही. दानाची पिशवी फिरली तेव्हा आपल्या शंभराचे तिथे १६० होतात या आनंदात आम्ही जरा जास्तच मोकळ्या हातानं दिलं.

जेवायला डाळ-भात, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) आणि मुळ्याचं लोणचं. आम्ही जेवेपर्यंत त्या घरच्या बायका जेवल्या नाहीत, आणि आमच्यातल्या दोघांनी पोळी नाही का म्हणून विचारलं. मी तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. वाढणाऱ्या आमाला, म्हणजे घरच्या आईला, मी विचारलं, भिंती अशा चटयांच्या का? तिनं भाताचा डाव तसाच धरून सांगितलं, आधी दगडाच्या होत्या. २५ एप्रिल २०१५, तोही शनिवारच. अकरा छप्पन्नला भूकंप झाला तेव्हा उपासना चालू होती. एवढं सांगून तिनं मला अजून भात वाढला.

त्यानंतरही आमच्या चर्चमधल्या एका भावानं अंगणात पोरांची रांग लावलीच. कंपासपेट्या वाटायच्या होत्या आणि देणगीदारांसाठी फोटो हवा होता. पाळक धावत आले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. चर्चच्या अंगणात काही वाटलं की त्याला आमिष म्हणतात, फोटो फेसबुकवर गेला की तो पुरावा होतो. पेट्या शाळेच्या शिक्षकांकडे द्या, नाव सांगू नका. भाऊ म्हणाले, मग अहवालात काय दाखवायचं?

अहवाल फोटोविना गेला. पत्रिका दोन्ही पिशव्यांसकट पुण्याला परत आल्या, सध्या चर्चच्या कपाटात ढोलकीच्या शेजारी आहेत. मादल वाजवणाऱ्या मुलाला आणि त्या पाळकांना नाताळात इकडे बोलवायचं असं मी सुचवलंय. मास्तरांचा पाठिंबा आहे. खजिनदारांचं म्हणणं, पुढच्या दौऱ्याचा निधी वेगळ्या खात्यात आहे आणि तो पाहुणे आणायला वापरता येत नाही.