लेवीयात अडकलेलं लाइट बिल

उपासना संपली की आमच्या चर्चच्या आवारात चहा असतो. कप हातात येतो न येतो तोच कोणीतरी विचारतं, "काका, मध्ये बरीच वर्षं तुम्ही येत नव्हतात म्हणे. मग परत कसे आलात?" विचारणाऱ्याला साक्ष ऐकायची असते. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, याला आमच्याकडे साक्ष देणं म्हणतात. रंगणारी साक्ष म्हणजे आजारपण, कर्ज नाहीतर दारू, आणि मग एका रात्रीत पालट. माझ्याकडे यातलं काहीच नाही, त्यामुळे "प्रभूची कृपा" म्हणायचं आणि चहात बिस्किट बुडवायचं, एवढंच मी करत आलो. परवा एका मुलीने विचारलं. तिचा चेहरा नुसता चौकशीचा वाटला नाही, म्हणून लिहितो.

आधी गेलो कसा ते. पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, वाद झाला नाही. कमिटीच्या निवडणुकीत पडलो नाही (आमच्यात चर्च सोडायचं हे नेहमीचं कारण). देवावरचा विश्वास उडाला, असंही नाही. नगरहून पुण्याला बदली झाली आणि घर चर्चपासून लांब मिळालं. एका रविवारी स्कूटर बंद पडली, पुढच्या रविवारी पाहुणे आले. होता होता नाताळ आणि ईस्टर तेवढे उरले. नगरच्या घरी संध्याकाळची कुटुंब प्रार्थना आईने कधी चुकू दिली नव्हती. माझ्या घरी ती आधी जेवणापूर्वीच्या दोन वाक्यांवर आली, नंतर तीही ताट वाढेपर्यंत राहून जायला लागली. कुठल्या दिवशी थांबली, हे मला सांगता येत नाही.

2023 मध्ये घराचं रंगकाम काढलं. कपाट रिकामं करताना माझं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सापडलं, रेक्झिनच्या चेनवाल्या कव्हरातलं. चेन गंजलेली. मेणबत्ती घासून घासून उघडली. आत खूण म्हणून लाइट बिल घातलेलं होतं, मार्च 2011 चं. पान होतं लेवीय या तिसऱ्या पुस्तकातलं, तेरावा अध्याय: महारोगाची लक्षणं आणि याजकाने (पुरोहिताने) ती कशी तपासायची. नव्या वर्षात शास्त्र पहिल्यापासून वाचायचं ठरवणाऱ्यांना हे ठिकाण चांगलं माहीत असेल. पहिलं पुस्तक उत्पत्ती, ते गोष्टींवर निघतं, दुसऱ्यात, निर्गमात, समुद्र दुभंगतो, आणि लेवीयात गाडी रुतते. माझी बारा वर्षं तिथेच रुतून होती. बिलावर पैसे भरल्याचा शिक्का मात्र होता. ते मी मुदतीत भरलं होतं.

रडूबिडू आलं नाही. लाज वाटली, तीही बेताची. ठरवलं एवढंच, की रोज सकाळी शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचायचं, तेही मोठ्याने, कारण मनात वाचलं की डोळे ओळींवरून घसरत जातात. एकूण 150 स्तोत्रं, म्हणजे पाच महिने.

त्या पहिल्या फेरीत काही म्हणजे काही जाणवलं नाही. दूधवाल्याची बेल वाजली की सुटका झाल्यासारखं वाटायचं. 119 वं स्तोत्र 176 वचनांचं आहे. ते पाहून मी सरळ चोरवाट काढली. त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत, ते बावीस दिवस पुरवले. मध्ये सर्दीतापात आणि नंतर निव्वळ आळसात सतरा दिवस बुडाले. तेव्हा एक शहाणपण सुचलं, ते अजून पाळतो: बुडालेल्या दिवसांची भरपाई करायची नाही. जिथे राहिलं तिथून पुढे. भरपाईच्या नादात माणूस दुसऱ्यांदा सुटतो.

88 वं स्तोत्र त्या काळात जवळचं वाटलं. बाकीची बरीचशी रडगाण्यातून निघून स्तुतीपर्यंत पोचतात. हे पोचत नाही, शेवटही अंधारातच. तरी ते शास्त्रात ठेवलंय. म्हणजे कोरड्या तोंडानेही बोललेलं चालतं, असा मी अर्थ घेतला. एखादा पाळक कदाचित वेगळा काढेल.

पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या घरात लहानपणापासून कानावर होतं. केडगावचं मुक्ती मिशन आणि त्यांचं शास्त्राचं मराठी भाषांतर एवढंच ठाऊक होतं. त्यांची साक्ष या दिवसांत पहिल्यांदा नीट वाचली. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त नव्हता, असं त्या उघड लिहितात. मधल्या काळात, 1889 मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं होतं! रमाबाईंची ही गत, तर लेवीयातल्या माणसाने सहा महिन्यांत कसली तक्रार करायची.

स्तोत्रांच्या दुसऱ्या फेरीत एका रविवारी चर्चला गेलो. शेवटचा बाक. शेजारच्या मावशींनी गायनपुस्तक पुढे सरकवलं आणि विचारलं, "नवीन आहात का?" मी हो म्हणालो. नारायण वामन टिळकांचं गीत होतं. चाल ओठांवर आली, शब्द विसरलेले, आवाज फुटका. मावशींनी बोट ओळीखाली धरून शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं.

आता चौथी फेरी चालू आहे. अजूनही आठवड्यातले तीन-चार दिवस कोरडेच जातात. फरक विचाराल तर एवढाच, की हल्ली तेरावं स्तोत्र, "हे परमेश्वरा, कोठवर?" असं विचारणारं, वाचताना खालच्या मजल्यावरच्या डायलिसिसवाल्या गृहस्थांचं नाव आपोआप तोंडात येतं. पूर्वी त्यांच्या पार्किंगवरून माझी कुरकुर असायची. ती गेली असं नाही.

त्या मुलीला चहाच्या वेळी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नुसतं विचारलं, "कुठवर वाचून सोडलंस?"

ती जरा ओशाळली. "लेवीय."

"मग असू दे ते तिथेच. उद्या पहिलं स्तोत्र वाच. सहाच वचनं आहेत."