आधी फ्लेमिंगो, मग हुरडा (आणि डिकीतली बोरं)

गेल्या वर्षी हुरडा पार्टी म्हणून आम्ही जिथे गेलो होतो तिथे रेन डान्स होता. जानेवारीत. स्पीकरवर धडाधड गाणी, मुलांना उंटावरून चक्कर, आणि हुरडा कुठाय म्हणून विचारलं तर आतून स्टीलच्या ताटलीत आधीच चोळून ठेवलेला गार हुरडा आला, माणशी एक ताटली. सासूबाई बार्शीच्या. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, ताटली खाली ठेवली आणि "दाणा निबर झालाय" एवढंच म्हणाल्या. परत येईपर्यंत त्या विषयावर एक शब्द नाही, त्यावरून काय ते समजा.

त्यामुळे यंदा मी ठरवूनच टाकलं होतं की पॅकेजवाल्या ठिकाणी जायचं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या चुलत काकांची कुरकुंभच्या बाजूला शेती आहे, त्यांनी थोडी सुरती ज्वारी खास हुरड्यासाठी लावली होती, तिने विचारून दिलं. मग नवरा म्हणाला तिकडे चाललोच आहोत तर भिगवण किती लांब आहे, फ्लेमिंगो पण बघून येऊ. चौथीतल्या चिरंजीवांना शाळेत पक्ष्यांचा प्रोजेक्ट आहे, म्हणजे तेही खूश. आणि रविवारी नणंदेच्या लेकीचं बोरन्हाण होतं, त्यासाठी बोरं, ऊस, हरभरे सगळं तिकडूनच आणायचं असं माझं आपलं मनात.

आता ज्यांना जायचंय त्यांनी सगळ्यात आधी क्रम लक्षात ठेवा: पक्षी आधी, हुरडा नंतर. उलटं केलंत तर दोन्ही जातं. आम्ही हडपसरहून पहाटे पावणेपाचला निघालो (ठरलं होतं सव्वाचार, पण आमच्याकडे कुठल्याही वेळेत अर्धा तास मिळवायचा असतो). पुणे-सोलापूर हायवे, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण, साधारण १०० किलोमीटर. रस्ता चांगला आहे पण हा ऊसतोडीचा सीझन, आणि पहाटेच्या अंधारात ऊसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या अचानक समोर येतात, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊसाची टोकं दोन्हीकडून बाहेर आलेली. त्यात यवतच्या पुढे धुकं. तेव्हा चालवणाऱ्याने पूर्ण झोप घेतलेली असू द्या आणि अंधारात ऐंशीच्या वर जाऊ नका. थर्मासमधून चहा घ्याच, आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर टॉयलेटचा स्टॉप उजाडायच्या आत पेट्रोल पंपावर उरकून घ्या, पाण्याजवळ गेल्यावर सोय मिळेलच असं नाही.

भिगवण ओलांडून थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला कुंभारगावकडे जाता येतं. हे सगळं उजनीचं बॅकवॉटर. भीमेवरचं उजनी धरण तिकडे खाली सोलापूर जिल्ह्यात, ११७ टीएमसीचं प्रचंड प्रकरण, आणि भिगवणचा भाग म्हणजे त्या फुगवट्याचं वरचं टोक, त्यामुळे पाणी उतरायला लागलं की इथे उथळ चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि फ्लेमिंगोंना नेमकं तेच लागतं. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी तिथल्या नाववाल्याला फोन करून "पाणी किती उतरलंय" हे विचारा, नुसतं "पक्षी आलेत का" विचारू नका, त्याचं उत्तर हो असंच येतं. पाऊस दणकून झालेल्या वर्षी धरण उशिरापर्यंत तुडुंब असतं, मग फ्लेमिंगो कधीकधी फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाट बघायला लावतात. आमचं नशीब बरं होतं.

नाववाले बहुतेक सगळे तिथले मासेमारी करणारे. आमचे दादा पंचविशीतले असतील, पण पक्ष्यांची नावं मराठी-इंग्लिश दोन्हीत पाठ. भाडं बोटीचं आहे की माणशी, आणि किती वेळासाठी, हे आधीच ठरवा, रोख पैसे ठेवा, लाइफ जॅकेट मागून घ्या (मागितल्यावर मिळतात, आपणहून देतीलच असं नाही). काठाला चिखल असतो, तिथे बूट नको, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. आईंचे (म्हणजे सासूबाईंचे) गुडघे दुखतात म्हणून मला धास्ती होती पण दादांनी फळी टाकली, हात धरला आणि "आज्जी, बसा मधोमध" म्हणत अलगद बसवलं. थंडी मात्र पाण्यावर जी लागते ती पुण्यात बसून कळत नाही. कानटोपी घ्या, मुलाला लाज वाटली तरी घ्या.

सूर्य सातच्या पुढेमागे वर येतो. आधी सगळं करडं करडं, मग पाण्यावर एक पांढरट-गुलाबी रेघ दिसायला लागते आणि दादा इंजिन बंद करून बांबूने ढकलायला लागतात. साठ-सत्तर तरी होते. फोटोत दिसतात तेवढे गुलाबी नसतात हं, ही ग्रेटर जात बरीचशी पांढरीच, उधार आणलेल्या दुर्बिणीतून बघितल्यावर पाय आणि चोच गुलाबी दिसते. मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत असतात, आणि एकाच जागी पाय आपटत गोल गोल फिरतात, आई म्हणाल्या "चिखल तुडवतात की कुंभारासारखा". मधे मधे मळकट करडी पिल्लं. चिरंजीवांना वाटलं ती वेगळी जात आहे. दादांनी सांगितलं की रंग खाण्यातून येतो, पिल्लं मोठी होतात तसा चढतो. त्यावर घरचे गाजर खात नाहीत हा विषय मी लगेच काढला, तो कोणी पुढे नेला नाही.

मग तीन-चार आपणहून उडाले. आधी पाण्यावर धावत जातात, पाय आपटत, आणि पंख उघडले की आतून एकदम लालभडक आणि काळी किनार. अग्निपंख हे नाव का ते तेव्हा कळलं. बाजूच्या बोटीतल्या मोठ्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या मंडळींना फ्लाइंग शॉट हवा होता म्हणून ते त्यांच्या नाववाल्याला सारखे "अजून जवळ घे, उडव" करत होते, आणि शेवटी अख्खा थवा उठून लांब गेला. आमचे दादा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. तुम्ही प्लीज असं करू नका, ते पोट भरायला आलेले असतात, आणि पुढच्या बोटीतल्यांना मग नुसतं पाणी दिसतं.

बाकी चित्रबलाक, शेकाटे, नदी सुरय, ब्राह्मणी बदकं भरपूर. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब पण होते, हिमालय ओलांडून येतात, आणि आल्यावर काठाला बसून गाईसारखं गवत चरतात. प्रोजेक्टच्या वहीत अकरा पक्षी झाले, त्यात एक कावळा आहे पण असू दे.

आता आमची चूक सांगते. गावात घरगुती जेवण मिळतं, इथली चिलापी तळलेली एक नंबर, तीही बोट झाल्यावर गरम गरम बाजरीच्या भाकरीबरोबर. पण आम्ही गेलो शनिवारी. आई आणि नवरा दोघांचा शनिवार. नवऱ्याच्या लक्षात हे ताटं मांडल्यावर आलं. शेजारच्या ताटात मासा पडताना तो ज्या नजरेने बघत होता ती फ्लेमिंगोंकडे बघताना नव्हती. तर वार बघून जा, नाहीतर पिठलं-भाकरीचं आधी फोनवर सांगून ठेवा. आणि दुसरी चूक म्हणजे त्या पिठल्याबरोबर आम्ही दोन दोन भाकऱ्या हाणल्या. पुढे हुरडा आहे हे माहीत असताना. पोटात जागा ठेवा हो, एवढं एक ऐका.

अकराच्या सुमाराला काकांच्या रानात पोचलो. साधं घर, चिंचेचं झाड, खाली तरट अंथरलेलं, बाजूला आगटी. आगटी म्हणजे जमिनीत छोटा खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून निखारा करायचा, ज्वाळ नाही. काका विळा घेऊन गेले आणि समोर कणसं खुडून आणली, हीच ती गोष्ट, खुडल्यापासून आगटीपर्यंत पाच मिनिटं. दाणा दाबला की त्यातून दूध यायच्या पुढे गेलेला पण घट्ट न झालेला, ते दिवस मोजून आठ-दहा असतात म्हणाले, म्हणून एकाच वेळी सगळं पेरत नाहीत, थोडं थोडं मागे-पुढे पेरतात. रोजच्या भाकरीची ज्वारी वेगळी, मालदांडी वगैरे, हुरड्याला सुरती किंवा गुळभेंडी, कारण ती गोड असते आणि दाणा कोंड्यातून पटकन सुटतो.

आईंनी पदर खोचला आणि ताबाच घेतला. कणसं निखाऱ्यात सरकवायची, वर राख ओढायची, काडीने फिरवत राहायचं, हिरवा रंग जरा काळपट झाला की बाहेर. मग गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. मी केलं तर निम्मा कोंडा तसाच आणि हात पोळला तो वेगळा. आईंच्या हातातून हिरवेगार दाणे पडत होते मोत्यासारखे, आणि त्या चोळता चोळता त्यांच्या लहानपणीच्या रानातलं काहीतरी सांगत होत्या, ते मला सोळा वर्षांत त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. पहिली मूठ नुसतीच खा, चटणी नंतर. वरून पाणी ढसाढसा पिऊ नका, ताक प्या, असं काका पण म्हणाले आणि आई पण, त्यामुळे आम्ही निमूट ताक प्यायलो. शेवटी उरलेल्या निखाऱ्यात हरभऱ्याचा हुळा, तोंडं काळी होईपर्यंत.

चिरंजीव तोपर्यंत काकांच्या मुलाबरोबर बांधावर. ज्वारीच्या वर चकचकीत रिबिनी ताणलेल्या, एक बुजगावणं, आणि तो मुलगा गोफण फिरवून पाखरं हाकलत होता. आमच्याने येऊन विचारलंच, "आम्ही पक्षी बघायला इतक्या लांब आलो आणि तुम्ही हाकलताय?" काका म्हणाले, "तुमचे पक्षी पाव्हणे हायेत, आमचे भाऊबंद. भाऊबंद वाटा मागतात."

काका पैसे घेईनात. अशा ठिकाणी जाणार असाल तर घरात काहीतरी घेऊन जा, आम्ही तिळगूळ आणि मुलांना वह्या नेल्या होत्या, आणि घरी न्यायची कणसं, बोरं, हरभऱ्याचा डहाळा मात्र आईंनी बजावून पैसे देऊन घेतलं. ओळखीचं कोणी नसेल तर कृषी पर्यटनवाल्यांकडे जावंच लागतं, त्यात वाईट काही नाही, फक्त फोनवर तीन गोष्टी विचारा: कणसं तुमच्याच रानातली का, आगटी आमच्यासमोर लावता का, स्पीकर आहे का. तिसऱ्याचं उत्तर "हो, डीजे पण आहे" असं उत्साहात आलं की समजून जा. डिसेंबर संपता संपता ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जमतं, पण २६ जानेवारीला जोडून लाँग वीकेंड आला तर तो टाळा.

परतीला चौफुल्याच्या अलीकडे एका गुऱ्हाळात थांबलो, काहिलीतला गरम गूळ पानावर घेऊन खाल्ला, काकवीची बाटली घेतली. ऊसाची दोन कांडकी तिथेच तुकडे करून मिळाली. काकवीच्या बाटलीला वरून पिशवी बांधा. आम्ही नाही बांधली, डिकीत आता मुंग्या आहेत.

घरी आल्यावर नवऱ्याला आगटीची हौस राहिलेली, त्याने कणसं थेट गॅसवर धरली. पाच मिनिटांत किचनभर धूर, कणसं बाहेरून कोळसा आतून कच्ची. फ्लॅटमध्ये त्या भानगडीत पडू नका. आईंनी बाकीची कणसं तशीच चोळून दाणे काढले, कढईत चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, त्यात दाणे परतून झाकण, वरून दाण्याचं कूट. झाली उसळ. उरलेले दाणे पिशवीत घालून फ्रीजरला, त्यांचं थालीपीठ छान होतं. पण कणसं आणल्या दिवशीच सोला, दुसऱ्या दिवशी गोडी गेलेली असते.

रविवारी बोरन्हाण. भाची दीड वर्षाची, काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट तीन वेळा उपटून टाकला. डोक्यावरून बोरं, ऊसाचे तुकडे, हरभरे, चुरमुरे, रेवड्या ओतल्या आणि सोसायटीतली पोरं तुटून पडली. (एकदम लहान बाळ असेल तर चुरमुरे जास्त घ्या आणि बोरं दोन-चारच, नावाला. डोक्यावर बोर टणकन लागतं, आणि खाली बसलेलं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, त्यामुळे एकाने फक्त त्याच्या हातांकडे बघत बसायचं. आमच्याकडे ते काम माझं होतं.) एका पोराने विचारलं यात चॉकलेट नाहीत का. आमचे चिरंजीव त्याला म्हणाले, "भिगवणला उगवत नाहीत."

संध्याकाळी आईंनी स्वतःहून काकांना फोन लावला, उसळ कशी झाली ते सांगितलं, पुढच्या वर्षी गुळभेंडी लावा म्हणाल्या. मग फोन हातात तसाच धरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या वेळी शुक्रवारी रजा टाका दोघं. त्याला मासे तरी खाता येतील."