मराठी रॅप मिक्स करताना ओळीचं शेपूट सांभाळा

मिक्सिंगचे, म्हणजे आवाज आणि मागचं संगीत (बीट) एकमेकांत नीट बसवायचे, बहुतेक ट्युटोरियल इंग्रजी रॅपरच्या आवाजावर केलेले असतात, आणि त्यातल्या सेटिंग जशाच्या तशा उचलून आपल्याकडच्या पोराच्या व्होकलवर टाकल्या की गाणं चकचकीत होतं पण शब्द कळेनासे होतात, आणि रॅपमध्ये शब्दच कळला नाही तर उरलं काय? मी घरीच शिकतोय. लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक, बंद कानाचे हेडफोन आणि रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर, जे ६० दिवस फुकट वापरता येतं आणि नंतर वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला मिळतं. एवढ्यात काम होतं, खरंच होतं.

माझं आत्तापर्यंतचं ठाम मत सांगतो. मराठी रॅपचं निम्मं मिक्सिंग ओळीच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत असतं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, यमक पण बहुतेक वेळा तिथेच येतं, आणि रॅप करणाऱ्याचा श्वास संपतो तोही नेमका तिथेच. म्हणजे ओळीचा अर्थ जिथे पूर्ण होतो तिथेच आवाज खाली बसतो.

माझा एक मित्र अकोल्याकडचा आहे, वऱ्हाडीत लिहितो आणि फार ताकदीचं लिहितो. त्याची एक ओळ, "भाकर भाजली, तवा तापला, घामाचा हिशोब कोनं मापला". वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) उघडून बघितला तर "भाकर"चा भ डोंगरासारखा उभा, मधलं सगळं बरं, आणि "मापला"तला "पला" जवळजवळ सपाट रेघ. बीट बंद असताना ऐकू येतो, बीट सुरू केली की स्नेअर ड्रमखाली गायब, आणि मग "घामाचा हिशोब कोनं माप" एवढंच कानावर पडतं. आता इथे सरळ कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावला तर तो आधी भ वर तुटून पडतो, "पला"ला मिळायची ती मदत मिळतच नाही, वर मेकअप गेन (दाबल्यावर एकूण आवाज वर आणणारा नॉब) वाढवला की दोन ओळींमधले श्वास आणि खोलीचा आवाज मात्र पुढे येतो.

म्हणून कुठलंही प्लगइन (कॉम्प्रेसरसारखं सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं साधन) लावायच्या आधी मी हाताने लेव्हल लावतो. रीपरमध्ये एस दाबून क्लिप कापायची, "पला"चा तुकडा ४-५ डीबी (डेसिबल) वर, "भा"चा तुकडा ३ डीबी खाली, जोडावर छोटासा क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढवणं), पुढची ओळ. एका व्हर्समध्ये १६ बार (चार ठोक्यांचा एक बार), म्हणजे कंटाळवाणं काम आहे, पण एकदा हे झालं की कॉम्प्रेसरला फार काही करावंच लागत नाही आणि आवाज दाबल्यासारखा पण वाटत नाही. प्लगइनच्या मागे लागलेल्या प्रत्येकाने एकदा फक्त एवढंच करून गाणं ऐकावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

त्यानंतर व्यंजनं. आपल्याकडे ख, घ, ठ, ढ, थ, ध, फ, भ अशी हवा सोडणारी अक्षरं आहेत आणि रॅपर ती मुद्दाम आपटतो, आपटायलाच पाहिजेत, तो मराठीचा ठसका आहे. फ आणि भ ची हवा थेट माइकवर आली की खाली धप्प असा आवाज येतो, तो नंतर काढत बसण्यापेक्षा पॉप फिल्टर लावून माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे तिरपा ठेवायचा. राहिलं तर ८०-९० हर्ट्झला हाय पास (त्याखालचा तळ कापणारा फिल्टर), आणि एखादाच भ त्रास देत असेल तर फक्त त्या भ वर, सगळ्या व्होकलचा तळ कशाला कापायचा?

कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे तो किती वेळात दाबायला लागतो, हा दुसरा मोठा मुद्दा. ठ किंवा ट चा जो फटका असतो तो जेमतेम ५ ते १५ मिलिसेकंदांचा. अटॅक १ मिलिसेकंदावर ठेवला की कॉम्प्रेसर तो फटकाच खातो आणि "ठोक"चं मिळमिळीत काहीतरी होतं. हिप-हॉपवाले ज्या ११७६ नावाच्या कॉम्प्रेसरच्या प्रेमात असतात, १९६७ सालचं डिझाइन, त्याचा सगळ्यात हळू अटॅकसुद्धा ०.८ मिलिसेकंद आहे, आणि त्याचा नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की अटॅक अजून फास्ट होतो. आवाजाला तो मस्त धार देतो हे खरं, पण मी त्याच्याकडून दोन-तीन डीबीच काम घेतो, आणि मुख्य कॉम्प्रेशन रीपरच्याच रिआकॉम्प या कॉम्प्रेसरवर करतो, अटॅक १० ते १५ मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायचा वेळ) ६० मिलिसेकंदांच्या आसपास, रेशो (दाबायचं प्रमाण) ३ किंवा ४. वऱ्हाडी, कोल्हापुरी, ज्याला तोडून बोलायची सवय आहे त्याला हे फार छान बसतं.

डीएसर, म्हणजे टोचणारा स दाबणारं प्लगइन, त्याचं पण तेच. इंग्रजीत एस पकडायचा असतो, आपल्याकडे स आणि श तर आहेतच, शिवाय "चाळ", "चोर" मधला च, "जाळ" मधला ज, यांच्यातही स सारखी सळसळ असते. डीएसर जोरात लावला की "चाळ" "ताळ" ऐकू यायला लागते. मी ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात टोचणारी जागा शोधतो, ३-४ डीबीच्या वर कापत नाही, आणि फारच सुटलेला स असेल तर तोही हातानेच कमी करतो.

खोलीबद्दल थोडं. आपल्या खोल्या १० बाय १०. दोन्ही बाजू सारख्या असल्या की एकच फ्रीक्वेन्सी दोन्हीकडून घुमते, १० फुटांत ती ५६ हर्ट्झ आणि तिची दुप्पट ११२, आणि हे ११२ बरोबर पुरुषाच्या आवाजाच्या तळाशी येतं. खोलीच्या मधोमध आणि भिंतीला चिकटून ते सगळ्यात जास्त घुमतं, भिंतीपासून अडीच फुटांवर सगळ्यात कमी. म्हणून कोपऱ्यातल्या लगतच्या दोन्ही भिंतींपासून तेवढं अंतर ठेवून उभं राहायचं, पाठीमागे जाड गोधड्या टांगायच्या (गोधडीने वरचा खणखणाट जातो, तळ जात नाही, म्हणूनच उभं राहायची जागा महत्त्वाची), पंखा बंद, आणि शेजारचे कुकर शांत झाल्यावर रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगचा पीक (सगळ्यात मोठा आवाज) मायनस १० डीबीच्या आसपास ठेवा, २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये तेवढी जागा सोडली तर काहीही बिघडत नाही.

आणि बीट! घरी काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्टेम्स (बीटमधल्या वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) नसतात, लीजवर घेतलेली एकच एमपीथ्री असते, ती आधीच मास्टर करून (शेवटचा मोठेपणा देऊन) फुगवलेली. तिच्यावर व्होकल चढवायला जाल तर लेव्हलचं मीटर लाल होणार, त्यामुळे आधी बीटच ६ डीबी खाली घ्यायची. मग बीटवर टीडीआर नोव्हासारखा फुकट डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरताच एखादा पट्टा दाबणारं प्लगइन) टाकून २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा व्होकलच्या साइडचेनवर जोडायचा, पोरगा बोलतो तेव्हा बीट त्या जागेत दोन डीबी वाकते, थांबला की परत सरळ. बीट पातळ वाटत नाही आणि शब्द बाहेर येतो. घरच्या सेटअपमध्ये मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

डबल, म्हणजे तेच बोल परत रेकॉर्ड करून वर चढवणं, मी पूर्ण ओळीवर घेतच नाही, फक्त यमकाच्या शब्दावर. "तापला", "मापला" एवढेच परत म्हणायला लावायचे, ८-१० डीबी खाली, एक डावीकडे एक उजवीकडे. ओळीचं शेपूट इथे पण उचललं जातं. रिव्हर्ब (घुमारा) अगदी छोटा. डिले (प्रतिध्वनी) बीटच्या टेम्पोवर, ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके), ९० च्या बीटला पाव नोट ६६७ मिलिसेकंद, आणि तोही ओळ संपून पुढची सुरू व्हायच्या मधल्या जागेतच सोडायचा, नाहीतर पुढचा शब्द चिखलात जातो.

मास्टरिंगवर फार वेळ घालवू नका, स्पॉटिफाय तसंही सगळ्यांना मायनस १४ लफ्सच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणतं, ट्रू पीक (आवाजाचं खरं वरचं टोक) मायनस १ डीबी ठेवा आणि फाइल काढा. त्यापेक्षा फोनच्या स्पीकरवर, अगदी कमी आवाजात, ज्याने ते बोल कधी वाचलेले नाहीत अशा माणसाला ऐकवा आणि त्याला ओळी परत म्हणायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथे परत जाऊन क्लिप कापायची.

सध्या मी अहिराणी आणि मालवणी रॅपचे व्होकल ऐकतोय. मालवणीतला हेल ओळीच्या शेवटी लांबत जातो, त्यामुळे तिथे रिलीज आणि डिलेचं गणित वेगळं लागेल असं वाटतंय. कोणी घरी हे काम करत असेल तर तुमच्या सेटिंग मला नक्की कळवा, कच्चा टेक पाठवलात तर मी बसून मिक्स करून बघेन.