तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दिवशी मी थांबले का नाही

घरी काही अडचण होती का? मुलगा आजारी होता? सासूबाई दवाखान्यात होत्या? मग तासभर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. नाशिकच्या सिडकोतल्या शेजारणी विचारतात, अंबडला कारखान्यात नव्याने लागलेल्या मुली विचारतात, माझ्या सख्ख्या मामांनी तर भर साखरपुड्यात विचारलं. साडेतीनला शिफ्ट सुटल्यावर तासभर थांबायचा आदेश असताना मी निघून गेले म्हणून मला आरोपपत्र मिळालं, चौकशी झाली, चार दिवसांचं बिनपगारी निलंबन झालं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. कारण मात्र प्रत्येकाला नव्याने हवं असतं.

कारण नव्हतं. मुलगा शाळेतून येऊन खेळायला गेला असणार, सासूबाई ठणठणीत होत्या. मला घरी जाऊन चहा घ्यायचा होता आणि जरा आडवं व्हायचं होतं. शिफ्ट संपली होती, म्हणून मी निघाले.

हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. घरात कोणी आजारी असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला समजून घेतलं असतं, हे मला कळतं. चौकशीत माझ्या बाजूने बसलेले आमच्या खात्यातले जुने कामगारही मला हेच म्हणाले होते, “ताई, तब्येतीचं लिहून द्या, विषय इथेच मिटेल.” त्यांना माझं भलंच हवं होतं. पण मी कारण लिहून दिलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून लाइनवरच्या प्रत्येक बाईला साडेतीनला घरी जायला कारण लागलं असतं. माझा वेळ माझा आहे हे सिद्ध करायला मला आजारी माणूस दाखवावा लागू नये. खुलाशात मी तेवढंच लिहिलं.

आता जे मला बेजबाबदार म्हणतात त्यांच्यासाठी. भट्टीवर, बॉयलरवर रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नसते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. माझा नवरा सातपूरला फोर्जिंगमध्ये, तापलेल्या लोखंडाच्या कामावर आहे. काही कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. आमच्या लाइनवर स्विचचे सुटे भाग जोडायचं काम होतं. पट्टा थांबला की काम थांबतं, कोणाला इजा होत नाही. मात्र हेही सांगते की त्या दिवशी माल न्यायला गाडी लागली होती आणि ते मला माहीत होतं. माहीत असून मी गेले.

त्या आधीचा जवळजवळ महिनाभर आम्ही रोज थांबत होतो. पद्धत अशी होती की साडेतीनला सगळ्यांनी पंचिंग करायचं, म्हणजे हजेरीत सुटल्याची नोंद करायची, आणि परत लाइनवर यायचं. म्हणजे नोंदीत आम्ही घरी गेलेल्या असायचो आणि हात पट्ट्यावर चालू असायचे. त्या तासात कोणाचं बोट सापडलं असतं तर कंपनीच्याच कागदाप्रमाणे ती बाई कारखान्यात नव्हती. मग ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, काय सांगायचं होतं? हे मी सुपरवायझरना विचारलं होतं. ते म्हणाले, असं अभद्र बोलू नये.

पैशांचंही सांगते. सात ते साडेतीन, मधली अर्ध्या तासाची सुट्टी सोडली तर ८ तास, सहा दिवसांचे ४८. एचआरचे साहेब म्हणायचे, कायद्याने दिवसाला ९ तास चालतात. बरोबर होतं. पण तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये आठवड्याची मर्यादा ४८ तासांची होती, आणि दिवसाचे ९ किंवा आठवड्याचे ४८ यांतलं काहीही ओलांडलं की कलम ५९ प्रमाणे त्या तासाची मजुरी दुप्पट. आमचे ४८ आधीच भरलेले होते. तेव्हा तो नववा तास कोणत्याही दिवशी घेतला तरी दुप्पट पैशांचाच होता, आणि आम्हाला त्याचे एकपटही मिळत नव्हते.

टाइम ऑफिसच्या भिंतीवर कामाच्या वेळांची नोटीस चौकटीत लावलेली होती. त्याच अधिनियमाच्या कलम ६१ प्रमाणे ती लावावीच लागायची. तिच्याशी न जुळणाऱ्या वेळी कामगाराला कामाला लावता येत नाही, तो स्वतः तयार असला तरी काम करू देता येत नाही, असं कलम ६३ सांगायचं. माझ्यावर आरोप होता वरिष्ठांचा आदेश मोडल्याचा. आदेश मोडणं हे गैरवर्तन खरंच, पण तो आदेश कायदेशीर आणि वाजवी असेल तर. आधी पंच करा आणि मग फुकट काम करा, हा आदेश कोणत्या कायद्यात बसतो?

हे सगळं मी चौकशीत मांडणार होते. ती चौकशी मात्र माझ्या मनात वेगळ्याच कारणाने राहिली आहे.

कंपनीने साक्षीदार म्हणून माझ्या शेजारच्या जागेवरच्या मुलीला आणलं. ठेकेदाराकडची होती. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. तिच्या बहिणीच्या लग्नाला मी दिंडोरीला गेले होते. ती आली आणि माझ्याकडे न बघता बसली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं? ती म्हणाली, “ह्या गेल्या. ह्यांचं काम मला करावं लागलं. मला दोन्ही जागा सांभाळाव्या लागल्या.”

ती खोटं बोलली नव्हती. मी गेल्यावर माझ्या वाट्याचं काम थांबायला सांगणाऱ्या साहेबांनी नाही, तिने केलं होतं. तुम्ही काहीही विचारा, माझ्याकडे उत्तर असतं. याला नाही.

मग उलटतपासणीची पाळी माझी होती. मी विचारलं, “त्या दिवशी तू पंचिंग किती वाजता केलंस?” ती म्हणाली, साडेतीनला. “आणि घरी किती वाजता गेलीस?” ती गप्प. मी पुन्हा विचारलं. तिने मॅनेजर साहेबांकडे पाहिलं, मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मी तिसऱ्यांदा विचारलं, “त्या तासाचे पैसे तुला मिळाले का?” अधिकारी म्हणाले, हा प्रश्न आरोपाशी संबंधित नाही. मी म्हटलं, संबंधित नाही असं लिहा, पण माझा प्रश्नही लिहा. बराच वाद झाला, शेवटी प्रश्न कागदावर आला. त्याखाली लिहिलं, साक्षीदाराने उत्तर दिले नाही.

पुढच्या महिन्यात ठेकेदाराने तिला दुसऱ्या कंपनीत टाकलं. माझ्या प्रश्नांमुळे की ठेकेदाराच्या नेहमीच्या अदलाबदलीत, ते तिलाही कोणी सांगितलं नाही.

यावरून माझं माझ्याशीच भांडण चालतं. त्या खोलीतली मी म्हणते, प्रश्न विचारायलाच हवे होते, नाहीतर तो तास कुठल्याच कागदावर आला नसता. आजची मी म्हणते, पंचिंगचं रजिस्टर मागवता आलं असतं, त्या पोरीला तीनदा कोंडीत का धरलंस? त्या खोलीतली मी उलट विचारते, रजिस्टरमध्ये तर साडेतीनच लिहिलेले होते ना? मग पुढे आम्ही दोघीही अडतो.

वरच्या कोर्टात का गेली नाहीस, हाही प्रश्न असतो. उद्योग भवनात कामगार खात्याकडे मी गेले होते. मला कामावरून काढलं असतं तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २अ खाली मी एकटी दाद मागू शकले असते. चार दिवसांच्या निलंबनाला ते कलम लागू नव्हतं. तिथे संघटना पाठीशी लागायची, नाहीतर बरोबरच्या कामगारांनी प्रकरण उचलून धरावं लागायचं. आमच्याकडे संघटना नव्हती आणि सह्या कोणी दिल्या नाहीत. शिक्षा लहान असली की ती मोडणं जास्त अवघड होऊन बसतं, हे मला तिथे कळलं. सह्या न देणाऱ्या बायकांवर माझा राग होता. आता तितका नाही, पण गेलाही नाही.

हल्ली मला सांगतात की कायदा बदलला, आता तुझ्यासारखीला त्रास नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत जादा कामाला कामगाराची संमती लागते, हे खरं. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानेही कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत आणि तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली, तेव्हा लेखी संमतीची अट घातली होती. मला त्या संमतीचा भरवसा वाटत नाही. कामावर घेतानाच दहा कागदांवर सह्या घेतात, त्यात अकरावा वाढवणं काय कठीण आहे? आणि ठेकेदाराची मुलगी नाही म्हणाली तर तिला उद्या गेटवर घेतील का? ज्यांना घाई असेल त्यांनी आनंद मानावा. मी मुलींना एवढंच सांगते की थांबायला सांगितलं तर पंच न करता थांबा, आणि तास लिहून ठेवा.

त्या महिन्याच्या पैशांसाठी मी अर्ज लिहून ठेवला आहे. नव्या वेतन संहितेत अशा दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, माझी अजून उलटलेली नाही. पण हजेरी माझ्याविरुद्धच बोलते, तेव्हा पुरावा म्हणून लाइनवरच्या बायकांची साक्षच लागणार, आणि खरं सांगू शकेल अशी पहिली तीच मुलगी आहे. नवरा म्हणतो, तिच्याकडे जाऊ नकोस. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.